गळती कोणाची?



शिक्षण खात्याच्या कागदपत्रांत एक शब्द वारंवार येतो. तो शब्द म्हणजे 'गळती'. समजा, पहिलीच्या पटावर शंभर मुले आहेत आणि दहावीच्या पटावर साठच उरली, तर मधली चाळीस गळाली असे आम्ही शिक्षक लिहितो आणि वही मिटतो. आपल्या घरचा माठ गळू लागला तर आपण चीर कुठे गेली ते बोट फिरवून पाहतो. छप्पर गळू लागले तर कौल कुठले फुटले ते शोधतो. गळून गेलेल्या पाण्याला कोणी बोल लावत नाही. शाळेच्या बाबतीत मात्र सगळे उलटे होते. तिथे दोष पाण्याला. 'त्याचे डोके चालले नाही', 'तिला झेपले नाही', 'त्यांच्या घरात वळणच नाही', असे आपण म्हणतो. हे फक्त वरचे लोक म्हणतात असे समजू नका. आपणही आपल्या मुलांबद्दल हेच म्हणतो. मीही म्हटले आहे, ते पुढे सांगेन.

परमपूज्य बाबासाहेबांनी या गळतीचा हिशेब फार पूर्वी मांडला होता. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात शिक्षणाच्या खर्चावर बोलताना त्यांनी दाखवून दिले की, प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी केवळ अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात. जे मूल शाळेच्या दारातून आत आले, ते कायमचे साक्षर होऊनच बाहेर पडले पाहिजे, प्राथमिक शिक्षणाचा हेतूच तो आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिवस कोणते होते पाहा. त्यानंतर आठच दिवसांनी ते महाडला चवदार तळ्यावर होते. तळ्याचे पाणी आपल्याला आठवते, दरवर्षी आठवते. ब्याऐंशीचा आकडा मात्र आपल्यापैकी किती जणांच्या लक्षात आहे?

हा आकडा मला पुन्हा आठवला तो दूर अमेरिकेतल्या एका शाळेची हकीकत वाचताना. आपल्याला काय त्यांचे, असे म्हणू नका. प्रश्न आपलाच आहे. तिथे तो अधिक उघडा दिसतो, इतकेच.

सॅन फ्रॅन्सिस्को शहरात लोवेल हायस्कूल नावाची सरकारी शाळा आहे. स्थापना १८५६ सालची. नववी ते बारावीचे वर्ग, फी नाही, पण प्रवेश सरसकट नाही. आधीच्या शाळेतले गुण आणि चाचणी परीक्षा पाहून निवडक मुले घ्यायची, अशी तिथली रीत. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर याच शाळेतून १९५५ साली बाहेर पडले. आपले मूल लोवेलला लागले म्हणजे गंगेत घोडे न्हाले, अशी तिथल्या पालकांची भावना. मात्र या शाळेत कृष्णवर्णीय मुलांचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपासच राहिले होते. जी होती तीही सुखात नव्हती. २०१६ साली कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना चालू असताना शाळेत त्याची टवाळी करणारा कागद लागला आणि ही मुले वर्ग सोडून बाहेर आली. जानेवारी २०२१ मध्ये तर वंशद्वेषाविरुद्धचाच पाठ ऑनलाइन चालू असताना कुणीतरी त्यावर शिव्या आणि घाणेरडी चित्रे टाकली.

करोनामुळे २०२० साली शाळा बंद पडल्या. परीक्षा नाहीत, नेहमीच्या श्रेण्या नाहीत, मग निवड करायची कशावर? त्या वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये शहराच्या शिक्षण मंडळाने ठरवले की, एका वर्षापुरती लोवेलमध्येही इतर शाळांसारखी सोडत काढावी. आपल्याकडे शिक्षणहक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या पंचवीस टक्के जागांची सोडत निघते, तसाच हा प्रकार. पुढे फेब्रुवारी २०२१ मध्ये मंडळाने पाच विरुद्ध दोन मतांनी ही सोडत कायमची केली. शहरात रान पेटले. बैठकीची रीतसर सूचना दिली नव्हती म्हणून न्यायालयाने नोव्हेंबरमध्ये तो ठराव रद्द केला. मंडळाने आणखी एक वर्ष सोडत पुढे चालू ठेवली. फेब्रुवारी २०२२ मध्ये मतदारांनी मंडळाच्या तीन सभासदांना मत देऊन परत बोलावले. शाळा फार काळ बंद ठेवल्याचा रागही त्यात होता, पण लोवेलचा वाटा मोठा होता. अखेर जून २०२२ मध्ये चार विरुद्ध तीन मतांनी जुनी निवडपद्धत परत आली आणि २०२३ ची तुकडी पुन्हा गुणांवर निवडली गेली. म्हणजे सोडतीतून आलेल्या तुकड्या दोनच. मागेपुढे भिंत आणि मध्ये दोन वर्षे उघडी खिडकी.

त्या पहिल्या तुकडीचे काय झाले? २०२१ च्या पहिल्या सत्रात नववीच्या ६२० मुलांपैकी २४.४ टक्क्यांना निदान एका विषयात 'डी' किंवा 'एफ', म्हणजे काठावरची किंवा नापासाची श्रेणी मिळाली. त्याआधीच्या दोन वर्षांत हे प्रमाण ७.९ आणि ७.७ टक्के होते. तिप्पट झाले. आकडा वर्तमानपत्रात आला आणि लोकांनी लगेच निकाल लावला. एका बाजूने आवाज आला की बघा, आम्ही म्हणत नव्हतो? दुसऱ्या बाजूने उत्तर आले की आकडा खोटे बोलतो, करोना होता.

मी वीस-बावीस मुलांचे नव्हे, साठ-साठ मुलांचे वर्ग सांभाळणारी मास्तरीण आहे. मला दोन्ही उत्तरे पटली नाहीत. या मुलांनी आठवीचे जवळजवळ सगळे वर्ष घरी पडद्यासमोर काढले होते, हे खरेच आहे. माझ्या शाळेत त्या दोन वर्षांनंतर जी मुले परत आली, त्यांना वहीत सरळ ओळ लिहिता येईना. पण तेवढ्याने तिप्पट वाढीचा सगळा खुलासा होतो का? प्रामाणिकपणे बोलायचे तर नाही. सोडतीत कच्ची तयारी असलेली मुलेही आली होती, हे मान्य केले पाहिजे. ते मान्य करायला आपण का घाबरावे? ज्याची तयारी कच्ची राहिली त्याचा तो गुन्हा नाही. आणि त्याच आकड्याची दुसरी बाजू कुणी बोलले का? चिठ्ठीवर आलेल्या त्या तुकडीतल्या चारांपैकी तीन मुलांना एकाही विषयात अशी श्रेणी मिळाली नव्हती. ज्या शाळेत फक्त निवडलेलेच टिकतात असे वर्षानुवर्षे सांगितले गेले, तिथे न निवडलेल्यांची ही कामगिरी. उरली सुमारे दीडशे मुले. मला त्यांचाच प्रश्न महत्त्वाचा वाटतो. ती त्या शाळेत आपण होऊन घुसली नव्हती. शाळेने त्यांना आत घेतले होते. मग नापास नेमके कोण झाले?

या वादात दुसरी एक बाजू आहे. ती नीट ऐकल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. परीक्षा टिकवा म्हणून जे लोक सर्वांत जास्त लढले, ते गोरे श्रीमंत नव्हते. पुष्कळसे चिनी वंशाचे आईबाप होते. त्यांत हॉटेलात भांडी घासणारे होते, शिवणकाम करणारे होते. याच शहरात १८८४ साली मॅमी टेप नावाच्या चिनी मुलीला केवळ ती चिनी म्हणून सरकारी शाळेच्या दारातून परत पाठवले होते. तिच्या आईबापांनी दावा लावला आणि १८८५ साली कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकला. तर शहराने काय केले? चिनी मुलांसाठी वेगळी शाळा काढली! आता सांगा, अशा लोकांना परीक्षा प्रिय का वाटणार नाही? परीक्षा तोंड बघत नाही. आपल्यालाही हे कळते. उत्तरपत्रिकेवर नाव नसते, आडनाव नसते, फक्त बैठक क्रमांक असतो. आपल्यापैकी कितीतरी जण त्या क्रमांकाच्या आडूनच पदवीपर्यंत पोहोचले. मी त्यांतलीच एक. वर्गात जो प्राध्यापक माझ्याकडे न बघता शिकवायचा, तोच माझा क्रमांक पाहून मला गुण देत होता. म्हणून परीक्षा म्हणजे निव्वळ ढोंग, असे माझ्याने म्हणवत नाही.

पण परीक्षा फक्त एवढेच सांगते की मूल आज कुठे उभे आहे. ते कुठून निघाले आणि वाटेत कोणी पाणी पाजले, हे ती सांगत नाही. याचा पुरावा अमेरिकेतच दुसऱ्या टोकाला, व्हर्जिनिया राज्यात मिळतो. राजधानी वॉशिंग्टनजवळ फेअरफॅक्स काउंटीत विज्ञानासाठी प्रसिद्ध असलेली एक सरकारी शाळा आहे. नाव थॉमस जेफरसन हायस्कूल. ज्या जेफरसनने १७७६ साली सर्व माणसे समान आहेत असे जाहीरनाम्यात लिहिले आणि आयुष्यभरात सहाशेहून अधिक माणसे गुलाम म्हणून बाळगली, त्याच्याच नावाने ही शाळा आहे. १९८५ पासून ती निवडक झाली. अर्जाबरोबर शंभर डॉलर फी, मग अवघड चाचणी, आणि त्या चाचणीसाठी वर्षानुवर्षे चालणारे खासगी क्लास. २०२० साली घेतलेल्या तुकडीत आशियाई वंशाची मुले ७३ टक्के होती. त्यांत भारतातून गेलेली कुटुंबेही पुष्कळ. गरीब घरची मुले किती? एक टक्कासुद्धा नाहीत.

त्या साली तिथल्या शिक्षण मंडळाने फी आणि चाचणी दोन्ही काढून टाकली. प्रत्येक माध्यमिक शाळेतल्या आठवीच्या दीड टक्का मुलांना जागा राखल्या, जागांची संख्या ५५० केली, आणि घरची गरिबी, इंग्रजी घरची भाषा नसणे या गोष्टी निवडीत धरल्या. मुलांची जात, वंश, नाव निवडणाऱ्यांना दिसणार नाही अशी व्यवस्थाही ठेवली. पुढच्याच वर्षी गरीब घरची मुले २५ टक्के झाली. कृष्णवर्णीय मुले सात टक्के आली, आशियाई ५४ टक्क्यांवर आली. यावरही दावा झाला. खालच्या न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये नवी पद्धत बेकायदा ठरवली, अपील न्यायालयाने मे २०२३ मध्ये तो निकाल फिरवला, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. शाळा तीच, गाव तेच, आकाशातून नवी गरीब मुले पडली नव्हती. ती आधीही तिथेच होती. फक्त कोणी त्यांच्या शाळेपर्यंत पाहायला गेले नव्हते.

या शाळेची एक रीत मला विशेष विचार करण्यासारखी वाटली. ज्या मुलाला तिथे जमत नाही, ते आपल्या राहत्या भागातल्या शाळेत परत जाते, आणि मोकळ्या झालेल्या जागांसाठी दहावीच्या वर्गात नव्याने प्रवेश दिले जातात. व्यवस्था सोयीची आहे, गैर म्हणता येणार नाही. पण तिच्यामुळे काय होते? बाक कधी रिकामा दिसत नाही. माठ गळतो, पण वरून कोणी तांब्याने पाणी ओतत राहते, म्हणून माठ नेहमी भरलेला! मग चीर शोधायची गरज कोणाला पडणार? निकाल उत्तम, पट पूर्ण, कीर्ती कायम. जे मूल परत गेले त्याचा हिशेब फक्त त्याच्या आईच्या मनात राहतो.

प्रवेशाच्या प्रश्नावर लोक मोर्चे काढतात, निवडणुका लढतात, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. आत गेलेल्या मुलाचे चौथ्या महिन्यात काय झाले, यासाठी कोणी वर्तमानपत्राला पत्रसुद्धा लिहीत नाही. तिथेही नाही, इथेही नाही.

'चौथा महिना' म्हटले की मला धम्मपदाच्या अट्ठकथेतली चुल्लपंथकाची गोष्ट आठवते. आपल्यातल्या नव्या कुटुंबांनी ती कदाचित ऐकली नसेल, म्हणून सांगते. पंथक नावाचे दोन भाऊ भिक्खू झाले. थोरला महापंथक हुशार, अर्हतपदाला पोहोचलेला. त्यानेच धाकट्याला, चुल्लपंथकाला, संघात आणले. धाकट्याला एक गाथा पाठ करायला दिली. एकच. चार महिने झाले तरी ती येईना. नवी ओळ घोकावी तर जुनी विसरायची. थोरला वैतागला. तू या शासनात उपयोगाचा नाहीस, विहारातून चालता हो, असे त्याने भावाला सांगितले. जीवक वैद्याने संघाला जेवणाचे आमंत्रण दिले होते, त्या यादीतूनही त्याला वगळले. म्हणजे आजच्या भाषेत पटावरून नाव कमी केले.

पहाटे चुल्लपंथक चीवर उतरवून घरी निघाला. तर विहाराच्या दाराशी तथागत उभे. त्यांनी विचारले की, तू या वेळी कुठे निघालास? त्याने सगळे सांगितले. भगवंतांनी असे म्हटले नाही की तुझा भाऊ बरोबर बोलतो आहे. असेही म्हटले नाही की जाऊ दे, गाथा पाठ नसली तरी चालेल, तुला सवलत देतो. त्यांनी त्याच्या हातात एक स्वच्छ पांढरे फडके दिले, पूर्वेकडे तोंड करून बसवले, आणि मळ जातो, मळ जातो, असे म्हणत ते चोळत राहायला सांगितले. ऊन चढले, हाताच्या घामाने फडके मळले. स्वच्छ होते ते मळले कसे, यातून त्या माणसाला अनित्यता कळली, जी गाथेतून चार महिन्यांत कळली नव्हती. तोही अर्हत झाला. अट्ठकथेत पुढे चमत्कार येतात. ते आपण बाजूला ठेवू, गोष्टीला त्यांची गरज नाही.

इथे दोन गोष्टींकडे लक्ष द्या. महापंथक दुष्ट नव्हता. तो ज्ञानी होता, पण ज्या वाटेने तो स्वतः आला तेवढी एकच वाट त्याला माहीत होती. नामांकित शाळांतले पुष्कळ शिक्षक असेच असतात. आयुष्यभर तयार मुले हाती आलेली, त्यामुळे शिकवणे म्हणजे पुढे नेणे एवढेच ठाऊक. न कळलेल्याला कसे शिकवायचे ही वेगळीच विद्या आहे, ती त्यांना कधी लागलीच नाही. आणि दुसरी गोष्ट, ध्येय तसूभरही खाली आले नाही. 'दर्जा उतरेल' अशी भीती लोक दाखवतात ना? थोरल्याला जे गाठायचे होते तेच धाकट्याने गाठले. बदलला तो धडा. लोवेलमध्ये मुले घेण्याची पद्धत दोन वर्षांत दोनदा बदलली. त्या दीडशे मुलांच्या हाती फडके कोणी दिले?

आता माझी कबुली. काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गातली एक मुलगी परीक्षा देऊन एका निवडक निवासी शाळेत लागली. शाळेचे नाव सांगत नाही. वर्षभर मी तिला सकाळी सातला बोलावून गणिते सोडवून घेतली होती. निकाल लागला तेव्हा विहारात तिचा सत्कार झाला, बुद्धवंदना झाली, वस्तीने वर्गणी काढून पत्र्याची पेटी घेऊन दिली. माझाही सत्कार झाला, शाल मिळाली. दिवाळीच्या सुट्टीत ती घरी आली ती परत गेलीच नाही. वडील शाळेत येऊन उभे राहिले. मान खाली घालून म्हणाले, "बाई, तिला झेपलं नाही." मी म्हटले, "असू द्या, सगळ्यांनाच झेपत नाही." आणि तिचे नाव पुन्हा पटावर लिहिले.

ते खोटे होते. पुढे कधीतरी मधल्या सुट्टीत तिने स्वतःच सांगितले. तिथे सगळे इंग्रजीतून होते आणि पहिला महिना तिला पाटीवरचे काहीच कळत नव्हते. विचारायला हात वर केला तर बाकीच्या मुली हसायच्या, म्हणून तिने हात वर करणे सोडले. घरी पत्र लिहिले नाही, कारण वस्तीने वर्गणी काढली होती. आणि मी? जूनमध्ये एस.टी.त बसवून दिल्यानंतर दिवाळीपर्यंत मी तिला एक ओळ लिहिली नाही, एक फोन केला नाही. माझ्या लेखी तिचे काम झाले होते. ती लागली होती.

ती आज आमच्याच शाळेत दहावीत आहे. बरी आहे, फार हुशार नाही, फार मागे नाही. वर्गात हात वर करते, पण उत्तर पक्के माहीत असेल तेव्हाच.

यंदा आमच्या शाळेतली दोन मुले त्याच परीक्षेत लागली. सत्काराचे ठरत होते, तेव्हा मी मंडळाला म्हटले की शाल नको, त्या पैशांत मला चार वेळा जाण्यायेण्याचे भाडे द्या. थोडी कुजबुज झाली, बाईंना मान नको झाला म्हणून. मग दिले. मेअखेर रोज एक तास त्या दोघांना इंग्रजीतली विज्ञानाची पुस्तके वाचून दाखवते आहे, दहावीतली ती मुलगीही येऊन बसते आणि तिथल्या वेळापत्रकाबद्दल, खानावळीबद्दल, कोणत्या मास्तरांना न भिता विचारता येते त्याबद्दल त्यांना सांगते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी भेटीला येण्याची परवानगी मिळावी, असे पत्र मी त्या शाळेला पाठवले आहे. उत्तर अजून आलेले नाही. आले नाही तरी मी जाणार आहे, आणि दाराशी उभी राहणार आहे.